तेवढं म्हणायला नको हुतं

निरोपाचं भाषण करायचं म्हटलं की आमच्या शाळेत सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. मराठीच्या बाई ना तुम्ही, तुम्हाला काय अवघड! गेल्या वीसेक वर्षांत मी किती जणांना शब्दांनी वाटेला लावलंय याचा हिशेब नाही. यंदा जुलैच्या शेवटच्या तारखेला पाळी आली मामांची, आमच्या शाळेच्या शिपायाची. सकाळपासून बारीक पाऊस, दोन वर्गांमधली फळ्यांची भिंत सरकवून केलेला हॉल, दमट सतरंज्यांचा वास आणि कागदी बशांमध्ये पेढा, वेफर्स, भडंग. मामा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खुर्चीच्या अगदी टोकाला बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी त्या खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या, बसायची सवयच नव्हती. शेजारी मामी, मुलगा, सून, आणि पहिल्या रांगेत शिराळ्याकडून मुद्दाम आलेले व्याही. भाषण रंगलं. मुलं हसली, दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. शेवटाकडे येताना मी आवाज जरा खाली आणला आणि म्हणाले, "आमचे मामा म्हणजे फार हळवा माणूस." टाळ्या पडल्या.

नंतर मी पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होते. मामा आले. हार गळ्यातून काढून त्यांनी हातात घेतला होता, शाल खांद्यावर दुमडून टाकलेली. "बाई, भाषण झ्याक झालं बघा," म्हणाले. मग जरा थांबून, नळाकडे बघत, "तेवढं हळवा म्हणायला नको हुतं." मी काही बोलायच्या आत ते उरलेल्या भडंगाच्या पिशव्यांना गाठी मारायला गेलेसुद्धा. निवृत्त होऊन तास झाला होता.

हा शब्द सहज तोंडून गेला असता तर मी विसरले असते. पण आदल्या रात्री मी वही घेऊन बसले होते. 'भावनाप्रधान' लिहिलं आणि खोडलं, त्याला गोपनीय अहवालाचा वास येतो. 'संवेदनशील' म्हटलं की मला निवडणुकीच्या ड्यूटीतली संवेदनशील मतदान केंद्रं आठवतात, जिथे दोन पोलीस जास्त असतात. 'भावूक' हा शब्द टीव्हीवाल्यांनी इतका मळवलाय की खेळाडू निवृत्त झाला तरी भावूक, पुढाऱ्याने पक्ष बदलला तरी भावूक. 'मनमोकळा' लग्नाच्या बायोडेटात 'मनमिळाऊ'च्या शेजारी बसतो, आणि त्या दोघांचा मिळून अर्थ एवढाच की स्वभावाच्या रकान्यात दुसरं काही सुचलं नाही. उरला हळवा. घरातला, मऊ, आईच्या तोंडी शोभणारा शब्द. मला वाटलं, निवडून निवडून सगळ्यात चांगला दिला.

मामांना तो टोचला का?

मामांचं मन कळायला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागत नसे, किल्ल्यांचा जुडगा ऐकला तरी पुरे. खुशीत असले की तो कमरेला छुमछुम वाजायचा. चिडले की टेबलावर एकदाच, धाडकन. एकदा मुख्याध्यापकांनी मुलांसमोर त्यांना काही लागट बोलल्यावर तो जुडगा थेट त्यांच्या टेबलाच्या काचेवर पडला होता. काचेला गेलेला तडा आम्ही पुढे सात-आठ वर्षं बघितला. मामांनी पैसे भरून देतो म्हटलं, मुख्याध्यापकांनी घेतले नाहीत, आणि त्या तड्यावर कुणीतरी वार्षिक नियोजनाचा कागद चिकटवला. जूनमध्ये पाचवीची नवी पोरं यायची. त्यातलं एखादं फाटकाशी आईचा पदर सोडत नसे. मामा त्याला पोटाशी धरून आत आणायचे, आणि निम्म्या अंगणात पोचेपर्यंत पोराचं रडं थांबून मामांचं सुरू झालेलं असायचं. पोरगं हुंदका अर्ध्यात ठेवून त्यांच्याकडे टकामका बघत राही. दहावीच्या निकालाला ते पास झालेल्यांसाठी रडत आणि नापास झालेल्यांसाठीही रडत, त्यात फरक एवढाच की दुसऱ्या वेळी नाक शिंकरायला लागायचं. हसले तर वरच्या मजल्यावर ऐकू यायचं. लपवायचं म्हणून त्यांच्याकडे काही नव्हतंच.

आणि आम्ही? स्टाफरूममध्ये 'मामांचा नळ सुटला' हा आमचा ठरलेला विनोद होता. त्याला मी हसलेय. एवढंच नाही, एका पंधरा ऑगस्टला झेंडा वर जाताना त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं तेव्हा मी हळूच म्हणाले होते, "मामा, डोळे पुसा, मुलं बघतायत." त्यांनी पुसले. मुलं खरं तर झेंड्याकडे बघत होती. बघत मी होते. तेव्हा 'हळवा' हा शब्द मी त्यांच्या कौतुकासाठी काढला की 'नळ सुटला'वर पांघरूण घालण्यासाठी, हे मला आजही धडपणे सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात नववीला व्याकरण घेताना 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' चालू होतं. लिहिता-वाचता न येणारा, निरक्षर. कधीही न मरणारा, अमर. पुस्तकातलं संपल्यावर मी आपलं पदरचं एक घातलं : मनात येईल ते चेहऱ्यावर दिसू देणारा. वर्ग क्षणभर गप्प. मग सुरू झालं. "रडका!" "ओपन!" "इमोशनल!" "सेंटी, बाई, सेंटी!" "ड्रामेबाज!" एकाने 'ओव्हरॲक्टिंग' म्हटल्यावर त्याला मागच्याने टपली मारली, कारण तो शब्द माणसाचा नाही, कामाचा. बरोबर होतं टपली मारणाऱ्याचं. खिडकीजवळची एक मुलगी मात्र पेन दातात धरून विचार करत बसलेली. तिला उठवलं तर म्हणाली, "बाई, तो आहे का ती, ते आधी सांगा की."

तास संपेपर्यंत मी त्या प्रश्नाशी खेळत राहिले. ती असेल आणि रडत असेल तर रडूबाई. तो असेल तर रडका, रडतोंड्या, रडतराऊत, आणि गल्लीत त्याहून वाईट, बाईचं नाव घेऊन दिलेली शिवी. ती चिडली तर आक्रस्ताळी, कजाग, थयथयाट करणारी. तो चिडला तर तापट. आणि 'तापट' काय शब्द आहे बघा! हळदीकुंकवाला बसलेल्या बायका "आमचे हे जरा तापटच आहेत हं" हे ज्या स्वरात सांगतात त्यात तक्रार दोन आणे आणि मिरवणं चौदा आणे असतं. आमच्या सांगली-साताऱ्याकडे तर पुरुष एकमेकांना हाक मारतानाच "काय मर्दा" म्हणतात. चहा पितोस का मर्दा, गाडी लाव की मर्दा. ज्या गावात दिवसातून पन्नास वेळा माणसाला तो मर्द असल्याची आठवण करून दिली जाते, तिथे डोळे पुसणाऱ्या मर्दाला कुठला शब्द द्यायचा? "रडालाईस काय मर्दा?" एवढंच वाक्य तयार आहे, आणि ते प्रश्नाचं नाही, हुकमाचं आहे.

बरं, न दाखवणाऱ्याची तरी सुटका आहे का? तो घुम्या, आतल्या गाठीचा, मख्ख. ती कोरडी. हा शेवटचा मला स्वतःला चिकटलेला आहे. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी मला रडू आलं नाही. सकाळपासून उपाशी, शालू टोचत होता, मुंडावळ्यांच्या दोऱ्याने कपाळ खाजत होतं, आणि एकदाचं गाडीत बसायला मिळालं याचंच बरं वाटत होतं. आई रडली, बहीण रडली, व्हिडिओवाल्याने दिवा माझ्या तोंडावर धरून ठेवला आणि वाट बघून बघून शेवटी बंद केला. "पोरगी कोरडीच गं, टिपूस काढलं नाही," असं मावशी म्हणाल्याचं मला बाराव्या दिवशी कळलं. रडू आलं ते पुढे दीड महिन्याने, सांगलीच्या भाजी मंडईत, घेवडा निवडताना. आईकडे तसाच कोवळा घेवडा यायचा. तेव्हा दिवा धरायला कुणी नव्हतं. भाजीवाली म्हणाली, "वहिनी, पैशे उद्या द्या."

माझं माहेर लोणंदच्या बाजूला. तिथे माझी एक आत्या होती, तिचं रडणं ऐकायला शेजारच्या वाडीतून बायका यायच्या असं म्हटलं तर तिला राग आला नसता. कुणी गेलं की ती अंगणाच्या तोंडाशीच हेल काढायची, "अगं माझ्या बाई गंऽऽ", आणि त्या हेलात गेलेल्या माणसाचा सगळा जमाखर्च यायचा. कुणाला त्याने लुगडं घेतलं, कुणाचं शेत राखलं, कुणाशी अबोला धरून मेला. अबोला धरलेला माणूस तिथेच मान खाली घालून बसलेला असायचा. पाच-दहा मिनिटांत सूर उतरायचा, आत्या पदराने तोंड पुसायची आणि अगदी साध्या आवाजात विचारायची, "पोरांनी काय खाल्लंय का?" लहानपणी मला हे खोटं वाटायचं. आत्ता वाटतं, तिचा रडण्याचा तो भाग एक काम होता, स्वयंपाकासारखं, आणि ते तिने चोख केलं. आत्याला कुणी हळवी म्हटल्याचं मला आठवत नाही. "गळा हाय तिला," म्हणायचे.

आणि त्याच लोणंदहून माऊलींची पालखी तरडगावच्या वाटेला लागली की चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. घोडा धावतो, आणि त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावताना मी चांगले दांडगे, मिशीवाले, ऊसतोड आणि वाळू उपसून हात घट्टे पडलेले पुरुष रडताना पाहिलेत. एकमेकांच्या पाया पडतात आणि रडतात. तिथे कुणी कुणाला मर्दा म्हणत नाही, माऊली म्हणतात. म्हणजे हाकच बदलून टाकली की डोळ्यांतल्या पाण्याची अडचण होत नाही! जुन्या शास्त्रकारांनी तर याची यादीच केलेली आहे, अष्टसात्त्विक भाव : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. अंग ताठणं, घाम फुटणं, काटा येणं, आवाज चिरकणं, थरथरणं, रंग उडणं, रडणं, भान हरपणं. भरताच्या नाट्यशास्त्रातली ही यादी नटासाठी होती, पुढे कीर्तनकारांनी ती भक्ताला लावली. आठही शब्द मी घोळवून पाहिले, त्यात एकही शिवी नाही. मात्र हेच आठ भाव कलेक्टर ऑफिसच्या रांगेत प्रकट झाले तर लोक पाणी आणायला धावतील आणि मागून म्हणतील, जरा डोक्याने कमी दिसतोय.

नाट्यशास्त्राचा विषय निघालाच आहे तर, आम्ही सांगलीकर स्वतःला नाट्यपंढरीचे म्हणवतो. १८४३ साली, ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी इथे चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी सीतास्वयंवर केलं, तेव्हापासूनची ही ऐट. त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी करायची. राक्षस आरडत-ओरडत, तलवारी फिरवत रंगभूमी दणाणून सोडायचे. पुढच्या शिकलेल्या पिढीने त्याला 'अललडुर्र नाटकं' म्हणून नाक मुरडलं. मला हा शब्द फार आवडतो. त्यात जोर आहे, थुंकी आहे, आणि ज्याने तो तुच्छतेने वापरला त्याच्या नाकावरचा चष्माही दिसतो. मनातलं सगळं उघड्यावर आणणाऱ्याला हसायची आमची रीत किती जुनी आहे बघा, भाषेत तिची पावती आहे. आणि याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे बालगंधर्व. लुगडं नेसून ते रंगमंचावर डोळ्यांत पाणी आणत तेव्हा थिएटर वेडं व्हायचं. पण त्यांची गोष्ट म्हणून आमच्याकडे काय सांगतात? १९११ साली मानापमानच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लेक गेली आणि तरी त्यांनी तोंडाला रंग लावला. माझ्या वडिलांनी ही गोष्ट मला अनेकदा सांगितली, दर वेळी शेवटी "याला म्हणतात माणूस" असं म्हणून. उसनं दुःख दाखवावं, स्वतःचं गिळावं, हे मी लहानपणी जेवणाच्या ताटावर शिकले. आता मात्र त्या दिवशी विंगेत काय झालं असेल, याचाच विचार जास्त येतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आमच्याकडे पोरांनाही पाठ असतं, पण सत्तावन्न कुणाच्या हिशेबात नव्हतं. मामांचं घर तेव्हा मारुती चौकाच्या खालच्या अंगाला होतं. आदल्या रात्री त्यांनी शाळेत येऊन तळमजल्यावरच्या कपाटातली जनरल रजिस्टरं एकेक करून माळ्यावर चढवली, आणि स्वतःच्या घरचं फक्त देव आणि सिलिंडर घेऊन बाहेर पडले. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ, फ्रिज उताणा, भिंतीवर छताच्या हातभर खाली पाण्याची रेघ. मी भेटायला गेले तर मामा खोऱ्याने गाळ ओढत होते आणि डोळे कोरडे. "चाललंय, बाई." माणूस आतून गोठला की काय अशी मला भीती वाटली. महिन्याभराने शाळेत मदतीचे कपडे आले. कुणा अनोळखी माणसाने धुऊन इस्त्री करून दिलेला एक चौकड्याचा शर्ट मामांच्या वाट्याला आला. तो घालताना त्यांचा हात खिशात गेला तर आत पन्नासची घडी घातलेली नोट. मामा ती नोट दोन बोटांत धरून माझ्याकडे आले. "बाई, ही त्यानं मुद्दाम ठेवली असंल, का विसरली असंल?" मी म्हटलं, काय माहीत. आणि मग ते जे रडायला लागले ते पोषण आहाराच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसून, धाय मोकलून, मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी. घंटा त्या दिवशी मी दिली.

'धाय मोकलून.' आपण सरसकट वापरतो, पण किती नेमकं आहे ते! मुसमुसणं वेगळं, ते उशीत. स्फुंदणं वेगळं, त्याला खांदे लागतात. ओक्साबोक्शी म्हणजे नाका-तोंडाचा हिशेब राहत नाही. ढसाढसा, हमसून हमसून, टिपं गाळत, डोळे डबडबून, कंठ दाटून, आवंढा गिळून. आवंढा गिळणं तर न रडण्याचंच वर्णन, तरी आपण त्यासाठी एक शब्द राखून ठेवलाय. रडण्याची क्रिया म्हटली की मराठी एखाद्या जुन्या सोनारासारखी गुंजेगुंजेचं वजन करते. आणि ते करणाऱ्या माणसाला नाव द्यायची वेळ आली की हात आखडता घेते, चार-दोन विशेषणं पुढे सरकवते आणि तीही हिणकस. त्याहून गंमत आठवीच्या व्याकरणात आहे. मी रडलो, हे क्वचित. जास्त करून मला रडू आलं. मला राग आला, मला हसू फुटलं, मला भरून आलं. रडू येतं पावसासारखं, पाहुण्यासारखं, मी आपला दारात उभा. 'गहिवरून आलं' या वाक्यात तर कर्ता शोधून सापडत नाही, मुलं फळ्यावर येऊन चाचपडतात आणि मी त्यांना भावकर्तृक क्रियापद सांगते, उजाडलं, सांजावलं, मळमळलं. वाक्याने माणसाला असं अलगद सोडवलेलं असताना मी मामांना धरून त्यांच्या पाठीवर विशेषणाचा शिक्का मारला. ऑगस्ट-सप्टेंबरभर मी या निष्कर्षावर खूश होते. माफी मागायची तर काय मागायची हेही जुळवून ठेवलं होतं.

मामा निवृत्तीनंतर गावी राहायला गेले, शिराळ्याच्या पलीकडे, भावाच्या शेजारी बांधलेल्या दोन खोल्यांत. दसरा झाल्यावर एका रविवारी मी एसटीने गेले. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, आणि त्यानंतर ऊस मागे पडत पडत भाताची खाचरं सुरू झाली. मामींनी चहा ठेवला तेवढ्यात मामा म्हणाले, चला, रान दाखवतो. वरच्या तुकड्यात कापणी झाली होती, पेंढ्या पसरलेल्या, आणि कापलेल्या भाताचा तो ओलसर, गोडूस वास. बांधावर उभी राहून मी माझं जुळवलेलं बोलायला सुरुवात केली. मामा, त्या दिवशी मी हळवा म्हणाले, तुम्हाला वाईट वाटलं...

"तुम्ही वाईट काय बोलला न्हाई, बाई. पर म्होरं व्याही बसलं हुतं न्हवं."

मला वाटलं, आलं. सुनेच्या बापासमोर रडका ठरलो, हेच असणार.

मामांनी वाकून एक लोंबी उचलली, तळहातावर चोळली, फुंकर मारून तूस उडवलं. "ह्ये हळवं," म्हणाले. मग खालच्या अंगाला, ओढ्याकडच्या खाचरात अजून हिरवट-पिवळं उभं होतं तिकडे हात केला. "आन् त्ये गरवं. दिवाळी करून मग कापायचं. मे महिन्यात धूळवाफ्याला पेरलं दोन्ही बरुबर. हळवं लवकर मोकळं हुतं, पर उतारा कमी, पीकच थोडं पडतं. रान हलकं असलं, पानी टिकत नसलं की तिथं हळवं टाकायचं. चांगल्या रानात गरवंच." तांदळाचे चार दाणे त्यांनी माझ्या हातावर ठेवले. "व्याही भाताचं मानूस. त्येंच्या म्होरं तुम्ही माइकवर म्हणाला, मामा हळवा मानूस." ते हसले, आणि हसता हसता डोळे भरले, नेहमीसारखे. "यकतीस वरसं, बाई. उतारा कमी दिला का वो मी?"

मी ते चार दाणे मुठीत धरून उभी. हळू, हलका, हळवा हे एका कुळीतले शब्द आणि गरवा तिकडे गुरूच्या, जड माणसांच्या घरातला, हे मी बी.एड.च्या आधीपासून मुलांना शिकवू शकले असते. अडीच महिने मी बायका, पुरुष, मर्दा, माऊली, भावे, बालगंधर्व सगळे उकरले, आणि हा माणूस रडण्याविषयी बोलतच नव्हता. मला जरा हसू आलं, जरा लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर माझा तो सुंदर निष्कर्ष वाया गेल्याचं थोडं वाईटही वाटलं.

"मामा, मग रडण्याबद्दल बोलायचं असतं तर काय म्हणायला हवं होतं?"

"रडतो म्हणायचं की," मामा म्हणाले. "रडतोयच की मी." आणि खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसून ते ओढ्याकडच्या बांधाला भगदाड पडलंय ते दाखवायला पुढे चालू लागले.

संध्याकाळी मला शिराळ्याच्या स्टँडवर सोडायला आले. पाच किलो तांदूळ, हळव्याचेच, "गरवं आल्यावर परत या" म्हणून. पिशवी त्यांनी स्वतः चढून माझ्या पायाशी ठेवली, खाली उतरले आणि खिडकीखाली उभे राहिले. शाळेचं विचारलं, नवा शिपाई पोरांना मारत तर नाही ना हे दोनदा विचारलं. ड्रायव्हरने गाडी चालू केली तशी त्यांची हनुवटी थरथरायला लागली. रुमाल नाही, टॉवेल नाही, तसेच उभे, खिडकीच्या गजावर हात ठेवून, स्टँडभरच्या माणसांसमोर. गाडी हलली तरी चार पावलं बरोबर आले. मी हात हलवत राहिले.

कंडक्टर मशीन घेऊन माझ्यापाशी आला. मागच्या काचेतून एकवार बाहेर बघितलं.

"कोण तुमचं?"

"शाळेतले मामा."

"लईच हे दिसत्यात," तो म्हणाला. पुढचा शब्द येतोय का म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने बटण दाबलं, मशीन कुरकुरलं.

"इस्लामपूर का सांगली?"

"सांगली."